घरचा कॉम्प्युटर सांभाळायचा कसा: आधी बॅकअप, मग सवयी, अँटीव्हायरस शेवटी

नवीन कॉम्प्युटर घेतला की दुकानदार बिलात अँटीव्हायरसचं एक खोकं हमखास घालतो आणि मग घरात सगळ्यांचा समज होतो की चला, सुरक्षेचं काम झालं. आता डेटा जातो कसा ते बघा. हार्ड डिस्क मरते, लॅपटॉप ट्रेनमध्ये राहतो, कोणीतरी जागा करायला म्हणून फोटोंचा अख्खा फोल्डर शिफ्ट-डिलीट मारतो, गेलेली लाईट परत येताना झटका बसतो आणि डिस्क दिसायचीच बंद होते. यातल्या एकाही गोष्टीपुढे अँटीव्हायरस काही करू शकत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी उलटा क्रम सांगतो. पहिले पैसे आणि पहिला रविवार बॅकअपला, त्यानंतर रोजच्या सवयी, आणि अँटीव्हायरस सगळ्यात शेवटी कारण तो विंडोजमध्ये फुकट बसलेलाच असतो. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय.

पायरी १: काय वाचवायचंय ते आधी ठरवा

विंडोज परत टाकता येतं, ऑफिस परत टाकता येतं, डाउनलोड केलेले पिक्चर परत मिळतात. परत मिळत नाहीत ते फोटो, स्कॅन केलेली खरेदीखतं आणि जुने फेरफार, फॉर्म १६, मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल, टॅलीचा डेटा. एका कागदावर लिहून काढा की हे सगळं आत्ता नक्की कुठे आहे. निम्मं डेस्कटॉपवर आणि निम्मं डाउनलोड्समध्ये सापडेल, पैज लावतो.

इथे एक जुना समज मोडून टाकूया. "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय, त्यामुळे सेफ आहे" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. विंडोज खराब झालं की मेकॅनिक सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायचा आणि डी तसाच राहायचा, त्यातून ही समजूत आलीय आणि त्या एका बाबतीत ती खरीही आहे. पण सी आणि डी हे बहुतेक घरच्या मशीनवर एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की तेही दोन्हीकडे फिरतं, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर चोर काही डी ड्राइव्ह काढून ठेवून जात नाही. धिस पीसीवर राइट क्लिक करून मॅनेजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क झीरो लिहिलेल्या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले तर समजा की डिस्क एकच आहे.

ज्यांच्याकडे जुन्या मराठी फाइली आहेत त्यांनी अजून एक करायचं. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. अंकाचं, पत्रिकेचं किंवा आजोबांच्या आठवणींचं असं काही टायपिंग असेल तर बॅकअपमध्ये फॉन्टची फाइलसुद्धा टाका, प्रत्येक फाइलची एक पीडीएफ काढून ठेवा, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीत, बदलून घ्या. आत्ता जुनं मशीन चालतंय तोवर हे सोपंय, ते बंद पडल्यावर फॉन्ट शोधत हिंडावं लागतं.

पायरी २: डिस्क घ्या

बाहेरून लावायची साधी यूएसबी हार्ड डिस्क, तुमच्या डेटाच्या निदान दुप्पट जागेची, ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन. पेनड्राइव्ह बॅकअपसाठी नको. तो इकडून तिकडे फाइल न्यायला ठीक आहे, पण हरवतो, धुवायच्या कपड्यांत जातो, आणि वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर आतला डेटा टिकेलच याची खात्री नसते. ऑनलाइन सेलमध्ये दोन टीबीचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांत दिसला तर तो खोटाच असतो हे धरून चाला. त्यातली चिप विंडोजला आकडा खोटा सांगते, खरी जागा संपली की नवीन फाइल जुन्याच्या डोक्यावर लिहिली जाते किंवा नुसतं नाव दिसतं आणि आत काही नसतं, आणि कॉपी होताना मात्र हिरवी पट्टी मस्त पुढे सरकते. संशय असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण जागा लिहून आणि परत वाचून बघतं.

फॉरमॅट: फक्त विंडोजवर वापरणार तर एनटीएफएस, घरात मॅकही असेल तर एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो.

पायरी ३: पहिली कॉपी, आणि मग वायर काढा

पहिल्या दिवशी कुठलंही सॉफ्टवेअर न शोधता सरळ हाताने कॉपी करा. डिस्कवर आजच्या तारखेचा फोल्डर, त्यात कागदावर लिहिलेलं सगळं. एवढं झालं तरी तुम्ही निम्म्या जगाच्या पुढे आहात.

त्यानंतर विंडोजमधलीच बॅकअपची सोय, फाइल हिस्ट्री, चालू करा. ती कंट्रोल पॅनेलमध्ये असते, विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका, स्टार्टमध्ये कंट्रोल पॅनेल टाइप करून तिथून जा. डिस्क लावलेली असेल तर ती दर तासाला बदललेल्या फाइलींच्या कॉप्या घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते, म्हणजे सोमवारी चुकून बिघडवलेली एक्सेल रविवारच्या अवस्थेत परत काढता येते. एक गोम आहे. ती फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे ठरलेल्या जागा बघते, तुमचा डी ड्राइव्हचा फोल्डर आपणहून घेत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून इन्क्लूड इन लायब्ररी करा (विंडोज ११ मध्ये आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं), मग तो येतो. टॅली वापरणाऱ्यांनी त्यातलाच डेटा मेनूतला बॅकअप घेऊन ती फाइल डिस्कवर टाकावी, चालू कंपनीचा फोल्डर उचलून कॉपी करू नये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. काम झालं की डिस्क इजेक्ट करून वायर काढायची आणि कपाटात ठेवायची. ऑटोमॅटिक व्हावं म्हणून लोक डिस्क कायमची लावून ठेवतात, आणि मग रॅन्समवेअर आलं की ते सी, डी करत करत बॅकअपच्या डिस्कवरही पोचतं, कारण त्याच्या दृष्टीने तोही फक्त अजून एक ड्राइव्ह. लावून ठेवलेली डिस्क फार तर कॉम्प्युटरची डिस्क बिघडण्यापासून किंवा चुकून डिलीट होण्यापासून वाचवते. आठवड्यातून एकदा, रविवारी चहाच्या वेळी लावायची, तासाभराने काढायची, एवढी शिस्त पुरे. पुण्याच्या बाजूला गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट घालवतात तिकडच्यांनी गुरुवार सोडून कुठलाही वार धरावा, कॉपी चालू असताना लाईट गेली तर डिस्कचं फाइलिंग बिघडू शकतं. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्याच.

जमलं तर दुसरी डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे, सासरी, गावाला, कुठेही. फोटोग्राफर लोकांत ३-२-१ म्हणून नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर कशाला ते चिपळूणकरांना विचारा. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरची घरंच्या घरं पाण्यात गेली, तिथे कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअप शेजारच्या कपाटात असं असून काय उपयोग. दर दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी जाताना दोन डिस्कांची अदलाबदल केली तरी चालतंय. कोकणात ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि जुन्या सीडी-डीव्हीडीवर फोटो असतील तर यंदाच उतरवून घ्या, दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते.

पायरी ४: क्लाउड वापरा, पण तो काय आहे ते समजून

गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असतात, वनड्राइव्हचे ५ जीबी. महत्त्वाच्या कागदपत्रांना हे भरपूर होतं आणि ही तुमची घराबाहेरची प्रत आपोआप झाली. पण सिंक, म्हणजे मशीनवर आणि क्लाउडवर आपोआप तेच ठेवणं, हा बॅकअप नाही हे डोक्यात पक्कं बसवा. इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट होतं, इकडची फाइल लॉक झाली की तिकडेही लॉक झालेलीच चढते. कचरापेटीत ३० दिवस मिळतात, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

विंडोज ११ मध्ये यावरून एक गोंधळ कायम होतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर वनड्राइव्हमध्ये जायला लागतात, थोड्या दिवसांनी जागा भरली म्हणून मेसेज येतो, मग माणूस वेबसाइटवर जाऊन फाइली उडवतो आणि इकडे डेस्कटॉप रिकामा. झालं असेल तर घाबरू नका, वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन बघा. नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये सिंक अँड बॅकअपमधून फोल्डर बंद करा, पण त्याआधी फाइली डिस्कवर घ्या. आणि एखादं गूगल अकाउंट फक्त जुने फोटो ठेवायला काढलं असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करत जा, दोन वर्षं हात न लावलेली अकाउंट गूगल डिलीट करू शकतं.

पायरी ५: परत काढून बघा

हे कोणीच करत नाही. बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, मधलाच कुठलातरी फोल्डर उघडा, दहा फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक एक्सेल. उघडलं तर तो बॅकअप, नाहीतर नुसती डिस्क. ३१ मार्चला जगभर बॅकअप दिवस म्हणून पाळतात, आपल्याकडे त्या दिवशी तसाही हिशोब चुकता करायचा असतो, त्यातच हेही उरकून घ्या.

याच बैठकीत अजून एक काम. नवीन लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा विंडोजच्याच बिटलॉकर नावाच्या सोयीने कुलूपबंद असते आणि मालकाला ते माहीतच नसतं. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हाललं की निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती नसेल तर दुकानदारच काय, मायक्रोसॉफ्टही डेटा काढून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर डिव्हाइसेसमध्ये ती की सापडते. कागदावर प्रिंट काढा आणि रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपवरच सेव्ह करू नका, हे सांगायला नको खरं तर, पण सांगतो.

पायरी ६: सवयी

इथे यादी मोठी करता येईल, पण घरी खरोखर दगा देणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत.

पहिली, क्रॅक. फुकट फोटोशॉप, गेम, विंडोज ॲक्टिव्हेट करणारं टूल. त्यात सूचना लिहिलेली असते की आधी अँटीव्हायरस बंद करा, आणि आपण तो आपल्या हाताने बंद करतो! घरगुती लोकांना सगळ्यात जास्त छळलेलं स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर याच वाटेने यायचं. फोटोंच्या नावापुढे चार विचित्र अक्षरं लागायची, प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्म्यात, ४९० डॉलर. सोबत ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही बऱ्याचदा असायचा. फुकटात लिब्रेऑफिस आहे, गिम्प आहे, क्रिटा आहे, तेवढ्यात घरचं काम भागतं.

दुसरी, झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह. हॉल तिकिटाची प्रिंट काढून आणली, घरी पेनड्राइव्ह लावला, तर सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण. तो शॉर्टकट व्हायरस. त्यावर क्लिक केलं की तुमचा फोल्डर उघडतोसुद्धा, त्यामुळे शंका येत नाही, पण मागे स्क्रिप्ट चालून जाते आणि आता तुमचं मशीनही पुढच्या पेनड्राइव्हला लावायला तयार. डबल क्लिक करू नका. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन. मग फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबवर लपलेल्या फाइली दाखवा आणि हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्सची खूण काढा, तुमचे खरे फोल्डर पुसट रंगात दिसतील, ते गेलेले नसतात. हवं ते उचला, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, खूण परत लावा. प्रिंटसाठी वेगळा रिकामा पेनड्राइव्ह ठेवा ज्यात फक्त ती एक पीडीएफ असेल, बॅकअपची डिस्क तर दुकानात न्यायचीच नाही. आणि तिथल्या मशीनवर व्हॉट्सॲप वेब उघडलं तर लॉगआउट करूनच उठा.

तिसरी, मी माणूस आहे हे सिद्ध करायला लावणारी खोटी पाटी. खरा कॅप्चा चित्रं ओळखायला सांगतो. खोटा सांगतो की विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. म्हणजे त्याने गुपचूप कॉपी करून दिलेली कमांड तुम्ही स्वतःच्या हाताने चालवताय. कुठलीही वेबसाइट तुम्हाला रन बॉक्स उघडायला सांगत असेल तर ती बंद करा, अपवाद नाही.

चौथी, कोपऱ्यात येणारे "तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले" वगैरे. बहुतेक वेळा व्हायरस नसतोच, कधीतरी कुठल्यातरी सिरीयलच्या साइटवर अलाऊ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी नावं काढून टाका, दोन मिनिटांत शांतता. आणि स्क्रीनभर नंबर येऊन "मायक्रोसॉफ्टला फोन करा" म्हणालं तर तो नंबर चोराचाच, फोन केला की एनीडेस्क (लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावतात आणि समोर बँक उघडायला सांगतात. हे घरातल्या आईवडिलांना एकदा बसवून दाखवा, नुसतं सांगून उपयोग नाही.

उरलेलं भराभर. रोजचं काम स्टँडर्ड अकाउंटवर करा, ॲडमिन वेगळा ठेवा, मुलांना तर ॲडमिन देऊच नका. फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसायला लावा, म्हणजे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, म्हणजे बिलाचं सोंग घेतलेला प्रोग्रॅम, उघडा पडेल. जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक खात्री) लावा, पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरमध्ये.

अपडेट मात्र टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जग हलवलं तेव्हा त्यावरचा दुरुस्तीचा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ज्यांचं मशीन ११ ला चालत नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेटची सोय जाहीर केली, विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल असं दिसतं. ते घ्या आणि तोवर पुढचं ठरवा.

पायरी ७: आणि आता अँटीव्हायरस

विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे, वरच्या सहा पायऱ्या केल्या असतील तर. पैसे देऊन घ्यायचा तर घ्या, आपल्या पुण्याचा क्विक हील आहे, बाकीचेही आहेत, मुलांसाठी वेबसाइट अडवणं किंवा फोनवर मराठी-हिंदीत बोलणारा सपोर्ट हवा असेल तर त्याला अर्थ आहे. पण चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर टोटल सिक्युरिटी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दोन अँटीव्हायरस एकत्र कधीच नको, ते एकमेकांच्याच मागे लागतात आणि मशीन रांगायला लागतं. दुकानदाराने टाकलेल्याची मुदत संपली असेल आणि रिन्यू करायचा नसेल तर तो अनइन्स्टॉल करा, मुदत संपलेला तसाच ठेवणं वाईट. तो निघाला की डिफेंडर आपोआप जागा होतो, विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण बघून खात्री करा.

तिथेच रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे, तो मुळात बंद असतो. चालू केला की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स-पिक्चर्समध्ये लिहू देत नाही. पहिले काही दिवस एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरलाही अडवेल, तेवढ्यालाच परवानगी द्या. मशीन संशयास्पद वाटलं तर स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाइन स्कॅन चालवा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं.

आणि तरीही झालंच तर

फाइलींची नावं बदलताना दिसली की पहिलं काम नेट तोडायचं, वाय-फाय बंद, वायर काढा. बॅकअपची डिस्क लगेच लावून बघायचा मोह होतो, तो आवरा, मशीन साफ होईपर्यंत ती कपाटातच. चिठ्ठीचा आणि बदललेल्या नावांचा मोबाईलवर फोटो काढा. पैसे देऊ नका. नो मोअर रॅन्सम हा युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये काही सिक्युरिटी कंपन्यांबरोबर सुरू केलेला फुकट उपक्रम आहे, तिथे चिठ्ठी आणि एखादी लॉक झालेली फाइल टाकली की कुठलं रॅन्समवेअर आहे आणि फाइली उघडायची किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. बँकेतून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन, तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्याच मशीनवरून नको.

त्यानंतर विंडोज पूर्ण नव्याने टाका, अपडेट करा, आणि मगच डिस्क लावून डेटा परत घ्या. ज्याचा बॅकअप नव्हता अशा लॉक झालेल्या फाइली फॉरमॅटच्या आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या वर्ष-दोन वर्षांनी बाहेर आलेल्या आहेत.